चौथी काच

८ मे १९५८, गुरुवार

मेडशीपलीकडच्या तांड्यावरून आत्ताच परतलो. अंगावरची धूळ झटकली, पण डोळ्यांपुढचं चित्र हलत नाही, म्हणून जेवणाआधी वही काढून बसलो. लतीफा म्हणते, लिहून लिहून तुम्ही काही मुन्शी होणार नाही. माझी शाळा मराठीत झाली, म्हणून लिहितो मराठीत. ती मराठी वाचत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

रूपला नाईकाच्या पोरीचं, चंदाचं लग्न होतं. तांड्यावर फोटोग्राफर येण्याची ही पहिलीच वेळ. रूपलानं तीन फोटो सांगितले होते आणि पैसे आधीच दुकानी आणून दिले होते: एक नवरानवरीचा, एक दोन्ही व्याह्यांचा, एक पंचांचा. एका फोटोला एक काच लागते, म्हणून मी तीन काचा भरून नेल्या आणि सवयीनं चौथी, एखादी फुटली तर असावी म्हणून. नवरानवरीला बसवून दहादा बजावलं की मी हात वर केला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही, हललात तर चेहऱ्याचा धूर होईल. नवरा हललाच. चंदा मात्र अशी बसली की मीच चकित झालो. एवढीशी पोर, आमच्या मुलीच्या, हुस्नाच्या वयाची, पण सांगितलेलं एकदाच ऐकणारी.

तिन्ही फोटो झाल्यावर एक विचित्र प्रकार झाला. डफडी वाजत होती, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी स्टँड आवरत असताना चंदा माझ्यापाशी आली. ओढणीला टाचलेला एक राणीछाप रुपया तिनं ओढून तोडला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, सजवलेल्या बैलाकडे दाखवलं, आणि काहीबाही बोलली. एक अक्षर कानी आलं नाही. मी काय ते समजलो: डफडीवाल्यांना नुकतंच इनाम मिळालं होतं, आता मला. राग आला. अकरा वर्षं धंदा करतोय, वाजंत्र्यांच्या रांगेत मला आजवर कोणी बसवलं नव्हतं. पण नवरीला काय बोलणार? रुपया खिशात टाकला.

आणि मग तिला बैलावर चढवलं. बसवलं नाही, उभी केली. निरोपाच्या वेळी त्यांची नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून आपल्या तांड्याकडे तोंड करते, दोन्ही हात वर उचलते आणि रडत रडत गाते. हवेली म्हणतात त्याला, असं जवळच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. डफडी थांबली. कुत्रीसुद्धा गप्प झाली. ती आवाज लावून मायला, बापाला, झोपड्यांना, विहिरीला, सगळ्यांना सुखी राहा म्हणत होती. भाषा मला येत नाही, तरी सगळं कळत होतं. मी कधी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि चौथी काच कधी चढवली, मला आठवत नाही. कापडाखाली चित्र उलटं दिसतं. पाय आभाळात, हात मातीकडे, आणि आरशांची ती ओढणी उन्हात पेटलेली.

माझं नशीब मात्र बघा. मी हात वर केला आणि नेमकी त्याच घटकेला ती थांबली. हात तसेच वर, नजर सरळ माझ्या काचेत. दोन पळं बैलही हलला नाही. मग तिनं पुढचा सूर उचलला. अशी घटका फोटोग्राफरला जन्मात एकदा मिळते, आणि ती ओळखायला डोळा लागतो. तो माझ्यापाशी आहे, हे आज मान्य करायला हरकत नाही.

९ मे

दुपारी काच धुतली. लाल दिव्याखाली ती हळूहळू वर आली. आधी आरसे, मग हात, शेवटी डोळे. मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. कितीतरी लग्नं काढली, कोणाचा चेहरा असा समोर येऊन उभा राहिला नव्हता.

लतीफाला ओला कागदच दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हा फोटो कोणासाठी? मी म्हटलं, कोणासाठी कशाला हवा, कला आहे. रुपयाची गोष्ट सांगितली तर म्हणाली, इनाम चारचौघांत देतात, मूठ झाकून कोण देतं. बायकांना प्रत्येक गोष्टीत गुपित दिसतं. रुपया तिनं हुस्नाच्या दागिन्यांच्या डबीत टाकला.

१५ जून, रविवार

रूपलाला त्याचे तीन फोटो महिन्यापूर्वीच पोचते केले. तो सारखा पुढं अजून काही आहे का, असं बघत होता. भोळा माणूस. फोटो कधी हाताळलेत त्यानं?

चौथा मोठा करून दुकानाच्या काचेच्या कपाटात मधोमध लावला. बालाजीच्या दर्शनाला जाणारी माणसं थांबतात. काल एक म्हातारी पायरीवर चपला काढून त्याला हात जोडून गेली. मी आतून बघत होतो.

२२ जुलै, मंगळवार

अकोल्याच्या एका विडी कारखान्याचा माणूस गाडी चुकली म्हणून बाजारात फिरत होता. कपाटापाशी आला आणि खिळला. त्यांना पुढच्या सालच्या कॅलेंडरसाठी चित्र हवंय. दहा हजार प्रती. खंडव्यापासून निजामाबादेपर्यंत जिथं जिथं त्यांची विडी जाते तिथं तिथं ते टांगलं जाणार. पैसे बरे देतात, पण खरं सांगतो, पैशांनी मी हललो नाही. तो म्हणाला, खाली तुमचं नाव छापू. छाया: रहीम, वाशीम.

दहा हजार भिंती. मी हिशेब करायचा प्रयत्न केला की आयुष्यात माझं नाव आजवर किती माणसांनी वाचलं असेल. पाटीवरचं धरून तीनशे? त्याला फक्त एक कागद हवाय, की चित्र माझ्या मालकीचं आहे. यंदापासून नवा कायदा लागू झालाय म्हणे, साहेब लोक सांभाळून आहेत.

लतीफानं विचारलं, पोरीला विचारलं का? मी म्हटलं, फोटो मी काढला, काच माझी, रसायन माझं. ती पोळ्या लाटत राहिली.

२४ जुलै

ठाकूर वकिलांकडे जाऊन आलो. त्यांनी कायदा वाचून दाखवला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

म्हणाले, ज्यानं सांगून, मोबदला देऊन फोटो काढवून घेतला, चित्राचा हक्क त्याचा. फोटोग्राफरची नुसती काच. त्याला विचारल्याशिवाय ते चित्र छापता येत नाही, विकता येत नाही. मी म्हटलं, साहेब, मग माझ्या कपाटातले पाटलांच्या लग्नाचे, सावकारांच्या मुंजीचे? हसून म्हणाले, एकही तुझा नाही. जुन्या कायद्यातही हेच होतं, तुला कोणी विचारलं नाही एवढंच.

दुकानात येऊन काचांच्या पेट्यांकडे बघत राहिलो. अकरा वर्षांत मी या तालुक्यातले सगळे चेहरे गोळा केले, असा माझा भ्रम होता. मी नुसता राखणदार निघालो. धक्का तर बसलाच, पण कायदा करणाऱ्याची कमालही वाटली. दिल्लीत बसून त्याला वाशीमच्या लग्नातला फोटो कसा दिसला असेल?

तेवढ्यात आठवलं. चौथी काच कोणी सांगितली नव्हती, तिचे पैसे कोणी दिले नव्हते. उलट पावली वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, असं असेल तर ती तुझीच. रूपलाचा अंगठा घेऊन ठेव, पुढं कटकट नको. अकरा वर्षांत एकच चित्र माझं निघालं, आणि निघालं तेही हे. आज मी रस्त्यानं चाललो नाही, तरंगत आलो.

३ ऑगस्ट, रविवार

कागद, शाईची डबी आणि शोभेसाठी फोटोची एक प्रत घेऊन सकाळच्या मोटारीनं मेडशीला गेलो. पुढं चिखलातून दीड कोस चाललो. रूपला शेतावर होता. त्याची बायको गोमतीबाई दारात धान्य पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली,

"आनला का? तीन महिने झाले, वाट पाहून राह्यली मी."

मी विचारलं, काय आणायचं होतं?

"चंदीचा फोटू. जाताना कानात सांगून गेली, माय, मी बैलावर उभी राह्यली का फोटूवाला माहा फोटू काढते, तुले आनून देते. म्या त्याले रुपया देल्ला ओढनीचा. तिच्या आजीचा रुपया होता थो."

शाईची डबी खिशात होती, तिच्यावर हात होता, तो तसाच राहिला. पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर जे झालं ते कसं लिहू? गोमतीबाईनं फोटो छातीशी धरला आणि सूर लावून रडू लागली. तो ऐकून शेजारच्या झोपडीतून एक बाई आली, मग दुसरी, मग दहा. माहेरी आलेल्या लेकीच्या गळ्यात पडून त्या बायका सुरात रडतात. तशाच एकेक करून फोटोच्या गळ्यात पडल्या. कागदाला गळा नसतो, पण मी पाहिलं ते पाहिलं. प्रत्येकीनं तिची विचारपूस केली, गाऊन केली, आणि दुसरीच्या हाती दिली. मी चावडीच्या दगडावर चिखलाच्या पायांनी बसलो होतो. मशिदीत बसतो तसा बसलो होतो. अंगठ्याचं नाव काढलं नाही.

४ ऑगस्ट

ती त्या घटकेला थांबली ती माझ्या नशिबानं थांबली नव्हती. मीच सकाळी सांगितलं होतं, हात वर केला की हलायचं नाही. रडता रडता, माहेर सुटता सुटता, तिनं सूर आवरला आणि मला माझं काम करू दिलं. मी मात्र तीन महिने स्वतःच्या डोळ्याचं कौतुक करत होतो.

६ ऑगस्ट

मनात काय काय येतं ते लिहून ठेवतो, निदान वहीशी तरी खोटं नको. रुपयाला साक्षीदार नाही. डफडी वाजत होती. तो इनाम होता असं मी म्हटलं, तर कोण खोटं पाडणार? विडीवाल्याचं दुसरं पत्र आलंय, महिनाभरात कागद हवा. दोन दिवस मी हा विचार जिभेवर घोळवला.

आज हुस्नाच्या डबीतून लतीफानं तो रुपया काढला आणि माझ्या गल्ल्यावर ठेवला. त्यावर ओढणीचा लाल धागा अजून अडकलेला आहे. पुरावा तर माझ्याच घरात पडलाय.

९ ऑगस्ट

ठाकूर वकील आधी खूप हसले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, सांगितलं तिनं, मोबदला दिला तिनं. बापाचा हक्क नाही, नवऱ्याचा नाही, तुझा तर नाहीच. मालक ती. मी विचारलं, सोळा वर्षांची पोर, अंगठाबहाद्दर? म्हणाले, कायद्यात लिहिलंय, असा कोणीही माणूस. आणि मग हळूच पुन्हा एकदा म्हणाले, कोणीही.

१७ ऑगस्ट, रविवार

शेलूबाजारला उतरून चंदाच्या सासरच्या तांड्यावर गेलो. तिचा सासरा किसनसिंग खाटेवर बसला होता, मोठ्या मिशांचा, दरारा असलेला माणूस. मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, कायदा, रुपया, काही लपवलं नाही. तो भडकला. सून आमच्या घरात आली, तेव्हा तिचा फोटोही आमचा, आणि आमच्या घरचं तोंड विडीच्या कागदावर छापलं जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं फार चुकत होतं असंही नाही.

मी म्हटलं, नाईक, रुपया कोणाच्या ओढणीचा होता? तो म्हणाला, तिच्या माहेरच्या. म्हटलं, आणि ती उभी कुठं होती? तो पुटपुटला, माहेरीच. मी फोटो त्याच्या हाती दिला. त्यानं तो दूर धरला, जवळ धरला, सुनेकडे पाहिलंच नाही, आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "हा बैल तं आपला होय." मग पोराला हाक, भावाला हाक. वरातीला बैल त्यांचा गेला होता. फोटोत शिंगांचे गोंडे आले, कपाळाची कवड्यांची पट्टी आली, खुरसुद्धा आले. राग कुठल्या कुठं गेला. एवढंच बजावलं की छापाल तेव्हा शिंगं कापू नका.

चंदाला बोलावलं. घुंगट खाली ओढून ती खांबाशी उभी राहिली. मी रुपया पुढे केला आणि म्हणालो, बाई, माझी चूक झाली, मी याला इनाम समजलो. हा परत घे, आणि चित्राचं काय करायचं ते तू सांग. नाही म्हणालीस तर काच तुझ्यासमोर फोडतो.

ती सासूच्या कानात काही बोलली. सासूनं विचारलं, कॅलेंडर कुठं कुठं जाईल? मी सांगितलं, खंडव्यापासून निजामाबादेपर्यंत, स्टेशनांवर, चहाच्या दुकानांत, पानाच्या ठेल्यांवर. मग मात्र चंदा स्वतःच बोलली, घुंगटातून, पण स्पष्ट.

"मंग छापा. माय-बा दिवाळीनंतर खडी फोडायले जातात. कोन्या गावाले नेतीन, कोनाले ठाव नसते. पालात फोटू भिजते, गाडीत फुटते. भितीवर राह्यलं तं माय जाईन तिथं मी दिसीन."

मी आलो होतो ते तिचा नकार ऐकायला. दहा हजार भिंती मला हव्या होत्या नावासाठी. तिला त्यांतली एकच हवी होती, आणि ती कुठली ते माहीत नसल्यानं सगळ्या हव्या होत्या.

रुपया तिनं घेतला नाही. म्हणाली, "फोटू काढला ना तुमी? देल्लेलं परत कायले घेऊ?" व्यवहाराची पक्की. मी तिथंच कागद लिहिला: या चित्राची मालक चंदा, रूपला नाईकाची मुलगी, हिच्या परवानगीनं. शाईत बुडवून तिनं अंगठा टेकवला, नीट, दाबून, उचलताना न फिरवता. त्या ठशाच्या रेषा मी मोटारीत पुन्हा पुन्हा बघत होतो. इतकं स्वच्छ चित्र माझ्या काचेवरही क्वचितच येतं.

२ सप्टेंबर

विडीवाला कागद वाचून चक्रावला. म्हणाला, आजवर आम्ही राजांची चित्रं छापली, देवांची छापली, कोणाच्या परवानगीला अंगठा नव्हता. मी म्हटलं, यालाच आहे, म्हणून याचीच परवानगी खरी. पैसे चंदाच्या नावानं निघाले, मी नेऊन तिच्या हाती दिले. मला छपाईच्या प्रती करण्याची मजुरी मिळाली.

कपाटातले सगळे फोटो उतरवलेत. ज्यांचे त्यांना विचारतोय. पाटील म्हणाले, लाव की, तुला कोणी अडवलंय? पण विचारलं म्हणून त्यांची मान ताठ झाली ती मी पाहिली.

लतीफानं आज विचारलं, हुस्नाच्या वेळी फोटो काढणार ना? मी म्हटलं, तिला अजून वेळ आहे. ती म्हणाली, हो, असेल. बराच वेळ डोळ्यांची आग होत होती. रसायनं जुनी झालीत, बदलायला हवीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काचांचं पार्सल सोडवायला स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर रूपलाचा सगळा तांडा, गाठोडी, कोंबड्या, लेकरं. खंडव्याच्या बाजूला कामाला निघाले होते. रूपलानं रामराम केला. गोमतीबाई त्यांच्यात नव्हती.

ती चहाच्या दुकानासमोर उभी होती, डोक्यावर गाठोडं तसंच. आतल्या भिंतीवर कॅलेंडर. ओढणी लाल रंगवलेली, बैल पांढराशुभ्र, शिंगं पुरी. बैलाच्या खुरांच्या खाली विडीचं नाव. आणि वर ती, दोन्ही हात उचललेली, बघणाऱ्याकडे थेट बघत. काच धुताना पाहिलं होतं, कपाटात पाहिलं होतं, पण त्या धुरकट भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवर हात धरून उभी असलेली ती पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. माणसं खाली बसून भजी खात होती आणि तिचा आशीर्वाद त्यांच्यावर सरसकट चालला होता.

गोमतीबाई चहावाल्याला म्हणाली, "हे माही पोरगी होय."

चहावाला कप विसळत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "बाई, दोन दिवसांत तू तिसरी. एक रिसोडाकडची होती, एक कारंज्याची. साऱ्याच म्हनतात माही पोरगी होय."

मी पुढे झालो. मालकीचा कागद कोटाच्या आतल्या खिशात असतोच, वकिलांनी जपून ठेवायला सांगितलाय. काढून त्याच्यासमोर ठेवणार होतो की हीच खरी माय, मी साक्षीदार आहे. गोमतीबाईनं नुसता हात आडवा केला. भिंतीकडे बघतच होती.

"म्हनू द्या," ती म्हणाली. "त्याइच्याबी पोरी गेल्याच असतीन."

मग तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि एक चहा मागितला.